अंधार पडला की कॅमेरा ऑफलाइन: दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं

आई घरी एकटी असते, म्हणून दाराच्या वर एक साधा, कमी किमतीचा वायफाय कॅमेरा लावला. दिवसभर चित्र लख्ख यायचं. अंधार पडला की ॲपमध्ये राखाडी चौकट आणि खाली ‘डिव्हाइस ऑफलाइन’. सकाळी बघावं तर पुन्हा सुरू. ज्या वेळेसाठी कॅमेरा घेतला, नेमकी तीच वेळ तो गाळायचा. चार महिने हे चाललं. तेवढ्या काळात मी राउटर बदलला, कॅमेरा आठ-दहा वेळा रिसेट केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. यातल्या एकाही गोष्टीचा दोषाशी संबंध नव्हता.

शेवटी उपयोगी पडली ती वही. कॅमेरा किती वाजता गेला एवढंच रोज लिहीत गेलो. पहिल्या आठवड्यात साधारण ७ वाजून १० मिनिटं. तीन आठवड्यांनी ६:५०. आणखी महिन्याभराने ६:३०. वेळ हळूहळू अलीकडे सरकत होती, कारण दिवस लहान होत चालले होते. राउटरला दिवस मावळल्याचं कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तिथे पहिल्यांदा वाटलं, की आपण चुकीच्या डब्याशी झगडत होतो.

तुमचा कॅमेराही असाच येतो-जातो असेल तर काहीही बदलण्याआधी आठवडाभर फक्त वेळा टिपा. रोज अंधारात जातो, घरात माणसं वाढली की जातो, राउटर बंद-सुरू झाल्यावर जातो, की कसलाच मेळ लागत नाही? या चारांची कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

कॅमेरा बंद पडला होता, की फक्त नेटवर्कपासून तुटला होता?

ॲपवरचा ‘ऑफलाइन’ हा शब्द फार कमी सांगतो. कंपनीच्या सर्व्हरला कॅमेरा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेऱ्याची वीज गेली असेल, वायफाय सुटलं असेल, राउटरचं इंटरनेट गेलं असेल किंवा तो सर्व्हरच बंद असेल, सगळ्याला शब्द एकच.

फरक ओळखायची सर्वांत भरवशाची खूण मेमरी कार्डात असते. कार्ड टाकून रेकॉर्डिंग ‘सतत’ वर ठेवा. ‘हालचाल झाल्यावर’ असेल तर ही परीक्षा करता येत नाही, कारण हालचाल नसतानाही ॲपमधली रेकॉर्डिंगची पट्टी (कोणत्या वेळेचं चित्र नोंदलं ते दाखवणारी) रिकामीच दिसते. कॅमेरा ऑफलाइन होऊन परत आला की त्या वेळचं रेकॉर्डिंग काढून बघा. नेटवर्क तुटलं असेल पण वीज शाबूत असेल, तर बहुतेक कॅमेरे कार्डावर नोंद करत राहतात. पट्टी सलग दिसेल. पट्टीला खिंडार असेल तर त्या वेळी कॅमेराच बंद पडला होता, किंवा पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत होता.

कार्डात १ जानेवारी १९७० अशा तारखेच्या फायली दिसल्या तर तोही पुरावाच. स्वस्त कॅमेऱ्यात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी सहसा नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत बऱ्याच मॉडेलांचं घड्याळ तिथूनच मोजायला लागतं, कारण संगणकाच्या एका प्रचलित पद्धतीत काळाची मोजणी त्या तारखेपासून धरतात. म्हणजे कॅमेरा रिस्टार्ट झाला होता आणि त्या क्षणी त्याला इंटरनेटही नव्हतं, या दोन्ही गोष्टी त्या फाइलवरून कळतात.

फिरणारा कॅमेरा असेल तर आणखी सोपं: सुरू होताना तो मान पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून आपली जागा नक्की करतो. रात्री घरातल्या कुणी ती घरघर ऐकली असेल तर विचारा. आई मला म्हणाली होती, “तो रात्री मधूनमधून टक्‌टक् करतो.” मी ते कानाआड केलं. चार महिन्यांतली सर्वांत मोलाची माहिती तीच होती.

पट्टीला खिंडार असेल तर: वीज

ते टक्‌टक् कशाचं, हे समजून घेण्यासारखं आहे. कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक छोटी काच असते, अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश अडवणारी. दिवसा ती सेन्सरपुढे असते, नाहीतर रंग बिघडतात. अंधार झाला की एक बारीक चुंबकीय यंत्रणा ती काच बाजूला सारते, त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, चित्र काळं-पांढरं होतं आणि भिंगाभोवतीचे अवरक्त एलईडी पेटतात. ते ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात मंद लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे असतील तर डोळ्याला काहीच दिसत नाही. अशा वेळी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनांत ते जांभळट-पांढरे चमकताना दिसतात.

हे एलईडी पेटले की कॅमेऱ्याची विजेची भूक एकदम वाढते. दिवसा जो कॅमेरा ०.३ अँपिअरवर चालतो तो रात्री ०.७ अँपिअर मागू शकतो. ॲडॉप्टर तेवढं देतोही. प्रश्न असतो तो मधल्या तारेचा.

माझा प्लग दारापासून लांब होता, म्हणून मी मूळ केबल काढून ३ मीटरची बारीक यूएसबी केबल लावली होती. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलं होतं: २८ एडब्ल्यूजी. हा तारेच्या जाडीचा आकडा आहे, आणि तो जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसरीने, म्हणजे ३ मीटर केबलमध्ये ६ मीटर तार. एकूण रोध सव्वा ओहमच्या पुढे. आता हिशेब करा. दिवसा ०.३ अँपिअरला ०.४ व्होल्टच्या आसपास वाटेत खर्ची पडतात. ५ पैकी ४.६ पोचतात आणि कॅमेरा चालतो. रात्री ०.७ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात, कॅमेऱ्यापाशी उरतात ४.१. वायफायने पाठवताना क्षणभर झटका आला की आणखी खाली. कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज सावरतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, त्याला अंधार दिसतो, टक्, एलईडी, आणि परत बंद. रात्रभर हेच. उजाडलं की चक्र थांबतं.

केबल तीच, ॲडॉप्टर तोच, आणि दिवसा मोजलं तर सगळं ठीक. म्हणून हा दोष हाती लागत नाही.

याची परीक्षा करायला रात्रीची वाट बघावी लागत नाही. मी भर दुपारी शिडीवर चढून कॅमेऱ्यावर जाड काळं कापड टाकलं आणि दुसऱ्या हातात ॲप उघडून धरलं. पाचेक सेकंदांनी टक्. चित्र करडं झालं. आणखी तीन-चार सेकंद, आणि फोनवरचं चित्र गोठलं. कापड उचलून बघतो तर कॅमेऱ्याचा दिवा, जो नेहमी निळा असतो, तो लाल. सुरू होतानाचा लाल. त्या क्षणी चार महिन्यांचं कोडं सुटलं.

दुसरी, याहून सोपी परीक्षा: ॲपमध्ये नाइट व्हिजन एका रात्रीपुरतं ‘बंद’ करा. चित्र काळं येईल, पण कॅमेरा रात्रभर ऑनलाइन राहिला तर दोष विजेचाच आहे.

हाताशी यूएसबी मीटर (व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर तो केबल आणि कॅमेरा यांच्या मध्ये लावा. ॲडॉप्टरच्या टोकाला लावून काही कळत नाही, तिथे नेहमी ५ च्या आसपासच दिसतं. कॅमेऱ्यापाशी, एलईडी पेटलेले असताना, आकडा ४.७ च्या वर राहिला पाहिजे. तो ४.५ च्या खाली जात असेल तर केबलवर संशय घ्या.

उपाय असे. शक्यतो कॅमेऱ्यासोबत आलेलीच केबल वापरा. लांब हवीच असेल तर विजेच्या तारा २४ किंवा त्याहून कमी नंबरच्या घ्या. त्याच ३ मीटरला २४ नंबरची तार असेल तर रोध अर्ध्या ओहमवर येतो आणि रात्रीची गळती ०.३५ व्होल्टवर. सर्वांत चांगलं म्हणजे प्लगची लांबी वाढवा, यूएसबीची नको: घरगुती विजेची योग्य वायर कॅमेऱ्याजवळ न्यायची, ॲडॉप्टर तिथेच लावायचा. जास्त व्होल्टेजला तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, त्यामुळे लांबीचा त्रास उरत नाही. हे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या. आणि जुन्या फोनचा पडून राहिलेला चार्जर लावला असेल तर तो काढा; कॅमेऱ्याच्या मागच्या स्टिकरवर जो अँपिअरचा आकडा आहे तेवढा किंवा त्याहून जास्त देणारा ॲडॉप्टर हवा. व्होल्ट मात्र स्टिकरवर असतील तेवढेच. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला लावला तर कॅमेरा कायमचा जातो.

केबल बदलूनही रिस्टार्ट होत राहिला तर मेमरी कार्ड काढून दोन दिवस चालवा. झिजलेलं कार्डही कॅमेऱ्याला अडकवतं. कार्डावर लिहिण्याचं ओझं किती असतं बघा: २ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने दिवसाला साधारण २१.६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जायला लागतं, वर्षभर, न थांबता. साधी कार्डं यासाठी केलेली नसतात. सततच्या रेकॉर्डिंगसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली कार्डं मिळतात, तीच घ्यावीत आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावीत.

पट्टी सलग असेल तर: नेटवर्क

माझा कॅमेरा नव्या केबलवर दोन आठवडे नीट चालला आणि मग भर दुपारी ऑफलाइन झाला. जीव कासावीस झाला, पण या वेळी आधी कार्ड पाहिलं. पट्टी सलग होती. म्हणजे हा वेगळाच आजार.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८.१.१०५ होता, आणि यादीत त्या पत्त्यापुढे नाव होतं एका फोनचं. पाहुणे आले होते. त्यांचा फोन वायफायला जोडला गेला आणि राउटरने त्याला माझ्या कॅमेऱ्याचा पत्ता देऊन टाकला.

यात राउटरची चूक नव्हती. सुरुवातीला कॅमेरा बसवताना ‘पत्ता कायम राहावा’ म्हणून मी तो कॅमेऱ्यातच हाताने भरला होता. राउटर स्वतः १०० ते १९९ या टप्प्यातले पत्ते वाटत होता, आणि १०५ त्यातच येतो. कॅमेऱ्याने तो न मागता घेतला असल्यामुळे राउटरच्या दप्तरी त्याची नोंदच नव्हती. दोन उपकरणं एका पत्त्यावर आली की निरोप कधी इकडे जातात, कधी तिकडे. कॅमेरा अर्धा चालतो, अर्धा अडतो, आणि पाहुणे गेले की आपोआप बरा होतो.

कॅमेऱ्यातली सेटिंग पुन्हा ‘डीएचसीपी’ वर आणा, म्हणजे पत्ता राउटरकडून मागून घ्या. मग राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि कॅमेऱ्याच्या मॅक ॲड्रेससमोर, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकासमोर, एक पत्ता राखून ठेवा. मॅक ॲड्रेस कॅमेऱ्याच्या स्टिकरवर छापलेला असतो: बारा अंक-अक्षरं, दोन-दोनच्या जोड्यांत. पत्ता कायमही राहतो आणि नोंदही राउटरकडेच राहते. कॅमेऱ्याच्या पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच तात्पुरता धरला आहे.

पत्त्याचा घोळ नसेल तर वायफायचं चॅनेल, म्हणजे ते ज्या मार्गाने बोलतं तो, बघा. बहुतेक राउटर चॅनेल ‘ऑटो’ वर ठेवून येतात. आजूबाजूला गर्दी वाढली की राउटर चॅनेल बदलतो. फोन आणि लॅपटॉप त्याच्यामागे निमूट जातात, काही स्वस्त कॅमेरे मात्र जुन्याच चॅनेलवर हाका मारत बसतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या वायफाय तपासणाऱ्या ॲपने यांपैकी सर्वांत मोकळा कोणता ते पाहा, राउटरमध्ये तो कायम करा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वेग थोडा कमी होईल, कॅमेऱ्याला तेवढा पुरतो.

सिग्नल मोजताना फोन कॅमेऱ्याच्या अगदी जागी धरा, खाली जमिनीवर उभं राहून नव्हे. आकडा ऋण असतो: उणे ६० चांगला, उणे ७५ ला अडखळायला लागतं. दर १० आकड्यांनी ताकद दहापटीने घटते, म्हणून उणे ६५ आणि उणे ७५ यांत दिसतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे. शिवाय स्वस्त कॅमेऱ्याचा अँटेना सहसा फोनपेक्षा कमजोर असतो, तेव्हा थोडी घट धरा. लोखंडी जाळी, पत्रा, आरसा, पाण्याची टाकी यांच्या मागे सिग्नल खचतो. कॅमेरा लोखंडी चौकटीला चिकटून असेल तर हातभर बाजूला सरकवूनही फरक पडतो. खात्री करायची असेल तर कॅमेरा दोन दिवस राउटरच्याच खोलीत चालवा. तिथे एकदाही तुटला नाही तर दोष अंतराचा. आणि कॅमेऱ्याला केबल लावायची जागा असेल तर सरळ लॅन केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती चालते आणि वायफायचे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. मला निवडीची संधी मिळाली तर मी दर वेळी केबलच घेईन.

पहिल्यांदाच जोडला जात नसेल तर

रिसेट केल्यावर परत जोडताना बरेच जण अडकतात, म्हणून हेही सांगतो. कमी किमतीचे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडणी करताना ५ तात्पुरतं बंद करा, कॅमेरा जोडला गेला की पुन्हा सुरू करा. सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ वर असेल तर जुना कॅमेरा आत येऊच शकत नाही. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्हींचं मिश्रण निवडा.

वायफायचं नाव मराठीत ठेवलं असेल तर ते आधी तपासा. मला स्वतःला मराठी नाव आवडतं, पण इथे एक तांत्रिक अडचण आहे. नावाला मर्यादा ३२ बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार प्रत्येकी तीन बाइटचे. ‘घरातलं वायफाय’ हे एवढंसं नाव ३७ बाइट होतं, म्हणजे बसतच नाही. ‘आमचे घर’ १९ बाइटमध्ये बसतं, राउटर ते घेतो, फोनही जोडला जातो; पण काही कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर देवनागरी वाचताना चुकतं आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असा भलताच निरोप देतं. कॅमेऱ्यासाठी साधं इंग्रजी अक्षरांचं नाव ठेवा. पासवर्डमध्ये अवतरणचिन्हं, उलटी तिरपी रेघ, मोकळी जागा टाळा. ८ ते ६३ अक्षरांची मुभा आहे, तेव्हा चिन्हांऐवजी लांबी वाढवा.

कॅमेऱ्यापुढे फोनवरचा क्यूआर कोड धरायचा असेल तर फोनचा प्रकाश पूर्ण करा, १५-२० सेंटिमीटरवर धरा आणि हळूहळू मागे-पुढे न्या. नव्या कॅमेऱ्याच्या भिंगावरची प्लास्टिकची झिल्ली काढली आहे ना, तेही बघा. जोडणी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या हॉटस्पॉटवरून होत असेल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा. त्या हॉटस्पॉटला इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप डेटावर सरकतो आणि ॲप कॅमेऱ्याला शोधत राहतं. अँड्रॉइडवर ॲपला सहसा लोकेशनची परवानगी लागते, आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ ची. नाकारली असेल तर कॅमेरा यादीत दिसत नाही. गेस्ट नेटवर्कवर कॅमेरा ठेवला असेल तर फोनलाही सेटअपच्या वेळी तिथेच आणा.

जुना वापरलेला कॅमेरा घेतला असेल आणि तो ‘दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे’ म्हणत असेल तर रिसेटने भागत नाही. आधीच्या मालकाने त्याच्या ॲपमधून तो काढावा लागतो.

घरात दिसतो, बाहेरून दिसत नाही

आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते पाहा. कॅमेऱ्यात आरटीएसपीची (चित्र थेट दुसऱ्या यंत्राला पाठवण्याची) सोय असेल तर ती सुरू करून घरातल्या संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता आणि पोर्ट ५५४ देऊन चित्र उघडा. इथे चित्र सुरळीत असेल आणि ॲपमध्ये नसेल तर कॅमेरा, वीज, वायफाय तिन्ही निर्दोष आहेत. अडचण इंटरनेटची किंवा कंपनीच्या सर्व्हरची. बाहेर चित्र जातं ते अपलोडच्या वेगाने, डाउनलोडच्या नव्हे. तो कमी असेल तर ॲपमध्ये कमी दर्जाचा प्रवाह निवडा. फक्त चित्र काळं येत असेल आणि आवाज येत असेल तर कॅमेऱ्यात व्हिडिओ आकसण्याची पद्धत एच.२६५ ऐवजी एच.२६४ लावून बघा, जुने फोन पहिलं उलगडू शकत नाहीत.

रेकॉर्डरला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला ऑनव्हिफने (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडण्याच्या सामाईक पद्धतीने) जोडताना पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. त्या पद्धतीत पासवर्डसोबत वेळही गुंफलेली असते. दोन्हीकडची घड्याळं जुळली नाहीत तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. यात माझा एक पूर्ण रविवार गेला.

राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर आणण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो मानू नका. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने नेमका याचाच फायदा घेतला: इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधायचे, कारखान्यातूनच आलेल्या ६० च्या आसपास नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक टाकून बघायच्या आणि यंत्र ताब्यात घ्यायचं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि मोठमोठ्या वेबसाइट तासन्‌तास बंद पडल्या. त्या यंत्रांच्या मालकांना आपला कॅमेरा यात सामील आहे याचा पत्ताही नव्हता. घरातलं माणूस ज्या डोळ्यासमोर वावरतं तो डोळा असा उघड्यावर ठेवायचा नाही. मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. शिवाय तुमच्या राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर इंटरनेटवर दिसणारा तुमचा खरा पत्ता अनेक ग्राहकांत मिळून वापरला जातो. तिथे पोर्ट उघडूनही काही साधत नाही.

रोज रिस्टार्टच्या टायमरबद्दल

बरेच जण सांगतील, स्मार्ट प्लग लावा आणि कॅमेरा रोज पहाटे आपोआप बंद-चालू करा. मी तेही केलं होतं. त्याने सकाळी ॲप उघडल्यावर चित्र दिसतं आणि आपण निश्चिंत होतो, पण रात्रीचं खिंडार तसंच राहतं. दोष सापडेपर्यंत टायमर काढून ठेवा, कारण तो तुमच्या वहीतल्या वेळाही बिघडवतो.

दुरुस्त झाला हे कधी म्हणायचं

आठवडाभर चालला म्हणजे झाला असं धरू नका. तीन गोष्टी मुद्दाम घडवून आणा. आधी राउटर १० मिनिटं बंद ठेवून सुरू करा; कॅमेरा हात न लावता परत आला पाहिजे. मग दिवसा कापड टाकून अर्धा तास रात्रीच्या मोडमध्ये चालवा. शेवटी घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे कॅमेरा आणि राउटर एकदम उठतील. ही सर्वांत कठीण परीक्षा: कॅमेरा अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. काही कॅमेरे तेवढ्यात वायफाय शोधून थकतात आणि परत प्रयत्नच करत नाहीत. तसं झालं तर फर्मवेअर अद्ययावत करून पुन्हा बघा. तरीही तेच झालं तर राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे वीज आली तेव्हा वायफाय आधीच हजर असेल.

माझा कॅमेरा तिसऱ्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, यूपीएसनंतर पास. त्या संध्याकाळी आईला फोन लावून ठेवला आणि ॲप उघडून बसलो. सव्वासहाच्या सुमाराला टक् वाजलं, तिलाही ऐकू आलं. चित्र काळं-पांढरं झालं. आणि दारातला पायपुसण्याचा काठसुद्धा स्पष्ट दिसत राहिला.